जॅनिस जॉप्लिन : एका जुन्या गाडीची मालकीण

१९६८ सालच्या सप्टेंबर महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्स येथे पंचवीस वर्षांच्या एका तरुणीने एक वापरलेली मोटार विकत घेतली. गाडी जर्मन बनावटीची, पोर्शे कंपनीची, १९६४ सालचे मॉडेल, कापडी टपाची. किंमत पडली ३,५०० डॉलर. म्हणजे त्या वेळच्या साडेसात रुपयांच्या दराने सव्वीस हजारांच्या घरात. तरुणीचे नाव जॅनिस जॉप्लिन. एकच महिन्यापूर्वी तिच्या वाद्यवृंदाची 'चीप थ्रिल्स' ही तबकडी बाजारात आली होती आणि अमेरिकेतील विक्रीच्या यादीत ती पुढे आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. मनात आणते तर कोरी करकरीत गाडी तिला सहज परवडली असती. तिने चार वर्षे वापरलेली गाडी घेतली आणि ती झाकून न ठेवता रोज चालविली.

जॅनिसचे चरित्र बहुधा तिच्या आवाजापासून सुरू करतात आणि हेरॉइनच्या सुईपाशी संपवितात. ते चूक नाही. पण ही गाडी तिच्या हयातीतली शेवटची दोन वर्षे तिच्याबरोबर होती, आणि या मुलीला काय हवे होते ते त्या गाडीवरून जेवढे कळते तेवढे वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून कळत नाही, असे मला वाटते. म्हणून गाडी मध्ये ठेवूनच हे चरित्र सांगतो.

जॅनिसचा जन्म १९ जानेवारी १९४३ चा, टेक्सास राज्यातल्या पोर्ट आर्थर या गावचा. समुद्रकाठचे गाव, पण ओळख समुद्राची नाही, तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांची. वडील टेक्साको कंपनीत अभियंते होते. घर सुशिक्षित, मध्यमवर्गीय. मागाहून एक बहीण आणि एक भाऊ झाला. लहानपणी जॅनिस चित्रे काढी आणि आपण चित्रकार व्हायचे असे तिच्या मनात होते. गाणे पुढे आले ते बेसी स्मिथ, लेडबेली अशा काळ्या गायकांच्या जुन्या तबकड्यांमुळे. गोऱ्यांच्या शाळेत काळ्यांना प्रवेश नसण्याचा तो काळ. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र शिकावे असे मत तिने उघडपणे मांडले, आणि वर्गातल्या मुलांनी तिला जी नावे ठेवली ती इथे लिहिण्याजोगी नाहीत. त्यातच वयात येताना चेहऱ्यावर मुरमे उठली आणि त्यांचे व्रण कायम राहिले. १९६० साली ती शाळेतून बाहेर पडली तेव्हा निरोप देताना तिला वाईट वाटावे असे फारसे कोणी तिथे नव्हते.

मग काही दिवस बोमाँटचे कॉलेज, आणि १९६२ साली ऑस्टिनचे टेक्सास विद्यापीठ. आपल्याकडे स्नेहसंमेलनात फिशपाँड पडतात. पडणारा हसतो, निदान हसल्यासारखे करतो, आणि वसतिगृहाच्या खोलीवर गेल्यावर काय करतो ते कोणी विचारीत नाही. ऑस्टिनच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची एक स्पर्धा असे : आवारातला सर्वांत कुरूप पुरुष कोण? कोणीतरी त्या यादीत जॅनिसचे नाव घातले. मुलगी असून. ती मुलांसारखी पँट घाले, अनवाणी फिरे, केस विंचरीत नसे, मोठ्याने हसे, हे सगळे खरे; आणि याच गोष्टींबद्दल विद्यापीठाच्या वर्तमानपत्राने त्याच वर्षी तिच्यावर कौतुकाचा लेखही छापला होता. म्हणजे वेगळी आहे म्हणून एका पानावर कौतुक आणि वेगळी आहे म्हणूनच दुसरीकडे टिंगल. लोकांच्या डोळ्यांत भरणे म्हणजे काय, याचा दोन्ही अंगांनी अनुभव तिला विसाव्या वर्षाच्या आतच मिळाला.

त्या ऑस्टिनमध्ये तिला एक जागा मात्र मिळाली. केनेथ थ्रेडगिल नावाच्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी गावाबाहेर एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत बिअरचे दुकान चालविले होते. तिथे आठवड्यातून एकदा हौशी मंडळी जमून गात. म्हातारबुवा स्वतःही गात. या माणसाने तिच्या चेहऱ्याकडे न बघता गाणे ऐकले. त्याची आठवण तिने शेवटपर्यंत ठेवली, आणि १९७० साली त्यांच्या सत्कारासाठी ती मुद्दाम ऑस्टिनला गेली.

जानेवारी १९६३ मध्ये चेट हेल्म्स या मित्राबरोबर, वाटेतल्या गाड्यांना हात दाखवीत, ती सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. पुढची दोन वर्षे वाईट गेली. उत्तेजक औषधांच्या नादी लागून ती इतकी खंगली की, १९६५ साली मित्रांनीच वर्गणी काढून तिला बसच्या तिकिटाचे पैसे दिले आणि घरी पाठविले. पोर्ट आर्थरला परतल्यावर तिने केसांचा अंबाडा बांधला, लांब बाह्यांचे कपडे घातले, कॉलेजात समाजशास्त्र घेतले. लग्नही ठरले होते, ते मोडले. वर्षभर तिने सर्वांसारखे होण्याचा अगदी मनापासून प्रयत्न केला. या वर्षाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, पण मला ते महत्त्वाचे वाटते. तिला वेगळेच राहायचे होते असे नव्हे. सर्वांसारखे होऊन पाहिले, जमले नाही.

जून १९६६ मध्ये चेट हेल्म्सचा निरोप आला : 'बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी' या वाद्यवृंदाला गायिका हवी आहे. ती गेली. एका वर्षात, जून १९६७ मध्ये, मॉन्टेरेच्या संगीत महोत्सवात ती उभी राहिली आणि बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेचे 'बॉल अँड चेन' हे गाणे तिने असे म्हटले की, समोर बसलेली नामांकित मंडळी अवाक् झाली. गंमत अशी की, व्यवस्थापकाने परवानगी न दिल्यामुळे त्या दिवशी चित्रपटाचे कॅमेरे बंद होते. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा रंगमंचावर आणावे लागले. आज आपण चित्रपटात पाहतो ते दुसऱ्या दिवशीचे गाणे. तिथून पुढे अल्बर्ट ग्रॉसमन हा नामांकित व्यवस्थापक, कोलंबिया कंपनीचा करार, 'चीप थ्रिल्स', आणि हाती पैसा.

आता गाडीकडे वळतो. पोर्शे ३५६ ही गाडी फेरी पोर्शे यांनी १९४८ साली ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड या लहानशा गावी उभी केली. युद्धानंतरचे टंचाईचे दिवस. म्हणून फोक्सवागेन या जनतेच्या गाडीचेच पुष्कळ सुटे भाग त्यांनी वापरले. तेव्हा ही स्पोर्ट्स गाडी असली तरी तिचा मूळ पिंड गरिबाघरचा होता. इंजिन पाठीमागे, आणि ते वाऱ्याने थंड होणारे. रेडिएटर नाही, त्यामुळे पाणी भरायला नको आणि ते उकळण्याची भानगड नाही. चढणीला बॉनेट उघडून वाफा काढीत उभ्या राहिलेल्या गाड्या ज्यांनी आपल्या आंबोलीच्या घाटात पाहिल्या आहेत, त्यांना यातले सुख सांगायला नको. आणि सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते म्हणजे उभे घाटच.

जॅनिसने घेतलेली गाडी या जातीच्या शेवटच्या मालिकेतली, '३५६ सी' म्हणतात ती, आणि त्यातही 'एससी' म्हणजे जोरकस इंजिनाची : १,५८२ घन सेंटिमीटर, ९५ अश्वशक्ती. चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. समोर बसायला दोन नीट जागा. मागे आणखी दोन आहेत असे म्हणायचे, पण त्यांवर लहान मुले किंवा सामानच ठेवावे. इंजिन मागे असल्यामुळे डिकी पुढे. अशा गाडीत एक खोड असते : मागचा भाग जड, म्हणून वळणावर वेगात शिरून मध्येच घाबरून पाय काढला तर शेपूट बाहेर फेकले जाते. वळणात शिरताना ठरवून शिरावे लागते. जॅनिसला वेगाने चालविण्याचे वेड होते असे तिच्या बरोबरचे लोक सांगतात. तिचा शेवटचा ध्वनिमुद्रण-निर्माता पॉल रॉथचाइल्ड याच्याकडेही पोर्शेच होती, आणि दोघे लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर एकमेकांशी शर्यत लावीत म्हणे. कौतुक करण्याजोगी ही गोष्ट नव्हे.

ही गाडी तिला ३,५०० डॉलरांत कशी मिळाली? १९६३ साली पोर्शेने ९११ ही नवी गाडी जगापुढे मांडली आणि १९६५ मध्ये ३५६ चे उत्पादन थांबविले. नवे आले की, जुन्याचा भाव उतरतो, मग जुने कितीही उत्तम असो. सेकंडहँड घेणाऱ्याचे नशीब त्या उतारावर असते. जॅनिसने हा हिशेब केला असेल असे मात्र मी म्हणणार नाही. तिला गाडी आवडली आणि तिने घेतली, एवढेच.

पण घेतल्यावर तिने जे केले ते कुठलाही शहाणा मालक करणार नाही. गाडी साध्या एकरंगी थाटात आली होती. तिच्या वाद्यवृंदाचे सामान सांभाळणारा डेव्ह रिचर्ड्स हा हरहुन्नरी कारागीर. त्याच्या हाती तिने गाडी आणि ५०० डॉलर सोपविले आणि रंगवायला सांगितले. गाडीच्या किमतीचा सातवा हिस्सा नुसत्या रंगात गेला! रिचर्ड्सने एक इंचही जागा कोरी सोडली नाही. फुलपाखरे, जेलीफिश, डोंगर-दऱ्या, सर्वांवर नजर ठेवणारा देवाचा डोळा, जॅनिसची मकर रास, आणि पुढच्या डाव्या मडगार्डवर तिच्यासह सगळा वाद्यवृंद. या चित्राला त्याने नाव दिले होते 'विश्वाचा इतिहास'. वर त्याने पारदर्शक वार्निशचा हात दिला.

त्या वार्निशचे मोल पुढे कळले. १९६९ मध्ये गाडी चोरीला गेली. चोराच्या लक्षात आले असावे की, ही गाडी घेऊन चार पावलेही लपून जाता येणार नाही. म्हणून त्याने तिच्यावर करडा रंग फवारला. गाडी परत मिळाली, आणि वार्निशमुळे वरचा करडा रंग काढून खालचे चित्र रिचर्ड्सला वाचविता आले. माझ्या मते जॅनिसच्या सगळ्या चरित्रात याहून बोलका प्रसंग नाही. पोर्ट आर्थरने तिच्यावर असाच एक करडा हात फिरवून पाहिला होता.

सॅन फ्रान्सिस्कोत ती गाडी जिथे उभी असेल तिथे जॅनिस आत आहे हे साऱ्या गावाला कळे. काम आटोपून ती बाहेर आली की, वायपरखाली चिठ्ठ्या खोचलेल्या सापडत. ओळख नसलेल्या पोरापोरींनी लिहिलेल्या. प्रसिद्ध माणसे काळ्या काचांच्या गाड्या वापरतात, मागच्या दाराने जातात. ही मुलगी टप उघडा टाकून हिंडे. ज्या नजरांनी कॉलेजात तिला बोचकारले, त्या नजरा आता तिने आपण होऊन ओढून घेतल्या; फरक इतकाच की, काय दिसावे ते या वेळी तिने ठरविले होते.

१९६८ च्या अखेरीस ती बिग ब्रदरमधून बाहेर पडली. हा निर्णय तिच्या चाहत्यांना रुचला नाही. नवा वाद्यवृंद जमविला, त्यात तुताऱ्या-सॅक्सोफोन आले, पण सूर पुरता जुळला नाही. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला ती गायली खरी, पण तासन् तास ताटकळत आणि नशेत. ते गाणे तिचे उत्तम गाणे नव्हे. हेरॉइन याच काळात तिच्या अंगात भिनले. त्या वर्षाच्या डिसेंबरात तिने सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला लार्कस्पर या गावी, उंच झाडांच्या सावलीत, स्वतःचे घर घेतले. १९७० च्या आरंभी ती ब्राझीलला जाऊन आली आणि काही महिने तिने हेरॉइन सोडलेही. नवा वाद्यवृंद जमविला. तो मात्र तिला मानवला.

१९७० च्या ऑगस्ट महिन्यात तिने दोन गोष्टी केल्या. बेसी स्मिथ १९३७ साली मोटार-अपघातात वारली होती आणि फिलाडेल्फियाजवळ तिचे थडगे तेहतीस वर्षे नावाच्या दगडाशिवाय पडले होते. त्या दगडाचा अर्धा खर्च जॅनिसने दिला; उरलेला अर्धा, लहानपणी बेसीच्या घरी फरशी पुसणाऱ्या वानिटा ग्रीन या बाईंनी. दुसरी गोष्ट म्हणजे शाळेच्या वर्गाचे दहा वर्षांनी भरलेले संमेलन. केसांत रंगीत पिसे खोवून ती पोर्ट आर्थरला गेली. जिंकून आल्याच्या थाटात गेली असे म्हणतात. पण वार्ताहरांनी शाळेतल्या नाचाच्या समारंभाविषयी विचारले, तेव्हा आपल्याला तिथे कोणी बोलावलेच नव्हते हे सांगताना तिचा चेहरा उतरला. तो चेहरा चित्रफितीत आहे. दहा वर्षे, लाखो तबकड्या, आणि तरीही.

सप्टेंबरात नव्या तबकडीच्या ध्वनिमुद्रणासाठी ती लॉस एंजेलिसला आली आणि हॉलिवूडमधल्या लँडमार्क या मोटर-हॉटेलात उतरली. पोर्शे बरोबर होतीच. सकाळी हॉटेल, दुपारी स्टुडिओ, रात्री मित्रांबरोबर जेवण, परत हॉटेल. हे सगळे तीच गाडी करी. १ ऑक्टोबरला तिने कुठल्याही वाद्याच्या साथीवाचून एक लहानसे गाणे एका दमात म्हटले. देवाजवळ मर्सिडीज बेंझ गाडी मागणारे ते थट्टेचे गाणे, न्यूयॉर्कजवळच्या एका दारूच्या गुत्त्यात मित्राबरोबर बसून दोन महिन्यांपूर्वी रचलेले. त्यात पोर्शेचेही नाव येते. पुष्कळांना ते गाणे खरेच श्रीमंतीच्या हौसेचे वाटते. गाणारीची स्वतःची पोर्शे जुनी, वापरलेली आणि फुलपाखरांनी भरलेली होती, हे ठाऊक असले म्हणजे त्यातली थट्टा नीट कळते.

हेरॉइन पुन्हा सुरू झाले होते. ते फार थोड्यांना ठाऊक होते. ३ ऑक्टोबरच्या शनिवारी रात्री तिने स्टुडिओत एका गाण्याची वाद्यसंगत ऐकली. आवाज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मग मंडळींबरोबर खाणे-पिणे करून ती हॉटेलवर परतली. रविवारी स्टुडिओत तिची वाट पाहून सगळे थकले. तिच्या दौऱ्यांचा व्यवस्थापक जॉन कुक संध्याकाळी हॉटेलवर गेला. आवारात पोर्शे उभी होती. म्हणजे ती बाहेर गेलेली नव्हती. ज्या गाडीमुळे ती कुठे आहे हे साऱ्या गावाला कळे, तिने हेही सांगितले. खोलीत ती मरून पडली होती; रात्रीच गेली होती. वय सत्तावीस. ज्या गाण्यात तिचा आवाज भरायचा राहिला, ते त्या 'पर्ल' नावाच्या तबकडीत नुसत्या वाद्यांवर ठेवले आहे. जानेवारी १९७१ मध्ये निघालेली ही तबकडी नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. आपल्यामागे मित्रांनी एक मेजवानी करावी म्हणून मृत्युपत्रात तिने २,५०० डॉलर ठेवले होते. ती मेजवानी झाली.

गाडी ग्रॉसमनकडे गेली. न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच्या गावी येणाराजाणारा पाहुणा ती चालवी, आणि दुसऱ्याच्या गाडीचे जे होते ते तिचे झाले. पुढे ती जॅनिसच्या भावंडांकडे आली. रंगाचे पोपडे निघत होते. चित्र वाचण्याजोगे नव्हते. त्यांनी गाडी दुरुस्त करविली आणि कारखान्यातून निघताना तिचा जो मूळ करडा रंग होता तोच पुन्हा दिला. चोराचे काम घरच्यांनी पुरे केले म्हणायचे! पण त्यांनाही ते सलले असावे. १९९० नंतरच्या वर्षांत डेन्व्हरच्या एका नाट्यसंस्थेतील चित्रकारांकडून जुन्या छायाचित्रांवरून त्यांनी सारे चित्र पुन्हा काढून घेतले : फुलपाखरे, डोळा, मकर रास, मडगार्डवरची मंडळी, सगळे. हे चित्र हुबेहूब आहे. रिचर्ड्सच्या हातचे मात्र नाही.

१९९५ पासून क्लीव्हलंड येथील रॉक अँड रोल संग्रहालयात ही गाडी वीस वर्षे उभी होती. १० डिसेंबर २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचा लिलाव झाला. जाणकारांचा अंदाज चार ते सहा लाख डॉलरांचा होता. गाडी १७ लाख ६० हजारांना विकली गेली.